नंबर दोनचा पट्टा

आप्पा, पलटणीत असताना मी तुम्हाला आंतरदेशीय पत्रावर लिहायचो. जागा कमी, त्यामुळे खुशाली, हवा, रजेची तारीख आणि आईला नमस्कार, एवढ्यात पत्र संपायचं. आज कागद भरपूर आहे आणि पाठवायला पत्ता नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षांहून जास्त झाली. सुरतेतलं, गोडादऱ्याचं ते पत्र्याचं घरही आता नाही, तिथे तीन मजली इमारत आहे आणि खाली मोबाइलचं दुकान. लिहायचं आहे ते माझ्या त्या एका रजेबद्दल. त्या रजेत तुम्ही चार दिवस धड जेवला नव्हतात आणि त्याला कारण मी होतो.

ते सांगायचं तर आधी पट्ट्यापासून सांगावं लागेल. त्या रजेच्या आदल्या वर्षी मी घरी आलो तेव्हा माझी नुकतीच एलएमजीचा, म्हणजे हलक्या मशीनगनचा, नंबर दोन म्हणून नेमणूक झाली होती. मला वाटलं होतं, तुम्हाला वाईट वाटेल. गन नंबर एक चालवतो, नाव त्याचं होतं. नंबर दोन म्हणजे बाजूला पडून मॅगझिनं बदलणारा हमाल, अशी माझी समजूत. तुम्ही मात्र हसलात. स्वतः लढाईत नंबर दोन होतात तुम्ही, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. पलटणीत पंधरा वर्षं नोकरी करून सुरतला आलात आणि सांच्यांच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यात माग दुरुस्त करणारे जॉबर झालात, एवढंच मी पाहिलं होतं. त्या संध्याकाळी आई पोळ्या करत होती आणि तुम्ही तिच्या हातातलं लाटणं घेऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर सरळ पालथे पडलात. लाटणं म्हणजे गन. मला तुमच्या डावीकडे पाडलंत. "नंबर एक समोर देखस," तुम्ही म्हणालात, "तू त्यान्हाकडे देख. त्याले मागनं पडाले नको." म्हणजे मॅगझिन मागायची वेळच त्याच्यावर येऊ नये. आई म्हणाली, "लाटनं द्या आते माले, पोया बाकी शेतस." तुम्ही दिलं नाहीत. मॅगझिनच्या जागी वाट्या घेऊन तुम्ही मला अर्धा तास घाम निघेपर्यंत शिकवत राहिलात आणि त्या दिवशी आपण तिघांनी जाडजूड पोळ्या खाल्ल्या, कारण उरलेल्या पोळ्या आईने रागाने हातानेच थापल्या होत्या.

मग तुम्ही ती गोष्ट सांगितलीत जी मला ट्रेनिंगच्या उस्तादांनीही सांगितली होती, पण तुमच्या तोंडून वेगळी लागली. सेक्शनमध्ये दहा माणसं. गन एक. पण गनचं वजन दहाही जण वाहतात. प्रत्येक रायफलवाला स्वतःच्या गोळ्यांशिवाय गनसाठी दोन भरलेली मॅगझिनं घेऊन चढतो, आणि चढावरच्या शेवटच्या थांब्याला ती नंबर दोनकडे देतो. तिथून पुढे रायफलवाले एकीकडे जातात, गन दुसरीकडे. म्हणजे त्या थांब्यानंतर सगळ्यांच्या खांद्यावरचं ओझं एकट्या नंबर दोनच्या थैलीत असतं. उठण्याआधी नंबर एक खुणेने विचारतो, सगळं आहे ना. नंबर दोनने थैलीला हात लावायचा आणि मगच मान हलवायची. हात लावल्याशिवाय मान हलवायची नाही, हे तुम्ही मला तीनदा म्हणायला लावलंत. दुसऱ्या दिवशी तुम्ही कारखान्यातून चामड्याचा पट्टा आणलात, सांच्यावर धोटा मारायला लागतो तो, जाड आणि तेल प्यायलेला. दोन रात्री बसून तुम्ही तो माझ्या थैलीसाठी शिवलात, दोन्ही टोकांना पितळी कड्या लावल्यात. म्हणालात, सरकारी पट्टा खांदा कापतो. मला कुणी इतकी चांगली वस्तू कधी दिली नव्हती आणि मी ते तुम्हाला बोललो नाही.

आता तो दिवस. काश्मीरमध्ये आम्ही सलग चौथ्या दिवशी त्याच डोंगरावर चढत होतो. तीन दिवस काही मिळालं नव्हतं, पायाला फोड आले होते आणि सगळ्यांचं मत होतं की वर शेळ्यांशिवाय कुणी नाही. माझा नंबर एक सुरतेतल्याच भेस्तानचा, मूळचा आपल्याच खानदेशातला, त्याचे वडीलही सांच्यावर. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मी त्याला भाऊ म्हणायचो. दुपारी शेवटच्या थांब्यावर सहाही रायफलवाल्यांनी आपापली मॅगझिनं माझ्या थैलीत टाकली, बारा झाली, चौदा किलोच्या आसपास वजन. एक जण चेष्टेत म्हणाला, "ले भाई, बारात का सामान." ते नाल्यापलीकडे गेले. मी थैली एका खडकाआड ठेवली होती आणि बसलो होतो. वर उभा चढ दिसत होता. भाऊने गन उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि खुणेने विचारलं. आणि मी मान हलवली. हात न लावता. आप्पा, मी विसरलो नव्हतो. थैली तिथे आहे हे मला पुरतं माहीत होतं. मला वाटलं, वर काही नाहीच, येताना याच वाटेने यायचं आहे, तेव्हा घेईन. माझ्या पाऊचमध्ये चार आणि त्याच्याकडे तीन होती, तेवढी पुरे झाली असती, जर खरंच शेळ्या असत्या.

शेळ्या नव्हत्या. वरच्या दगडी कोठ्यातून गोळीबार सुरू झाला तेव्हा रायफलवाले उघड्यावर होते आणि त्यांना फक्त आमच्या गनचा आधार. सात मॅगझिनं किती वेळ जातात हे तुम्हाला सांगायला नको. मी सहावं बसवलं. भाऊने न बघता डावा हात मागे केला. मी सातवं दिलं आणि म्हणालो, "थैली नाही." तो म्हणाला, "काय?" मी म्हणालो, "पट्टा तुटना. थैली खाले पडनी." ते वाक्य कुठून आलं मला माहीत नाही, पण ते तयारच असल्यासारखं बाहेर पडलं. त्याने एक क्षण माझ्याकडे पाहिलं, गन माझ्याकडे ढकलली, "जपून मार," म्हणाला आणि स्वतः खाली घसरत गेला. जायला मी हवा होतो. थैली नंबर दोनची, ती कुठे आहे हेही मलाच माहीत. मी तोंड उघडलं नाही. वीस पावलंही गेला नसेल, त्याच्या गुडघ्यात गोळी लागली. तो ओरडला नाही, फक्त बसला, जणू चपलेत खडा गेला म्हणून बसावं तसा. पलीकडच्यांनी कसंबसं बाजूने वर जाऊन कोठ्यातला गोळीबार बंद पाडला, बाकी सगळे वाचले. त्याला उचलून खाली नेलं. मी सगळ्यांच्या शेवटी उतरलो. थैली खडकाआड ठेवली होती तशीच होती. मी पट्टा कड्यांसकट सोडवून घेतला आणि थैली लाथ मारून नाल्यात घातली. दुसऱ्या दिवशी ती सापडली, बिनपट्ट्याची, आणि माझ्या बोलण्यावर कुणी शंका घेतली नाही. पट्टाही मी नाल्यात टाकायला हवा होता. तुमच्या हातचा होता, टाकवला नाही.

भाऊचा पाय गुडघ्यावरून कापावा लागला. काही महिन्यांनी मी रजेवर आलो तोवर तो भेस्तानला घरी आला होता आणि बातमी आपल्या गल्लीपर्यंत पोहोचली होती. तुम्ही मला पाणीही पिऊ दिलं नाहीत. "काय व्हयनं, बराबर सांग," म्हणालात. मी तेच सांगितलं जे सगळ्यांना सांगितलं होतं. तुम्ही विचारलंत, "कोणता पट्टा? सरकारी?" मी खाली पाहून म्हणालो, "तुम्ही शिवेल." आप्पा, सरकारी म्हणालो असतो तरी चाललं असतं. पलटणीत सगळ्यांनी तो चामड्याचा पट्टा पाहिला होता, त्यांच्यापुढे ते खोटं खपलं नसतं, म्हणून मला तेच सांगायची सवय झाली होती. तुमचा चेहरा मी तेव्हा नीट पाहिला नाही. पण त्या रात्री तुम्ही भाकरी कुस्करली आणि तशीच ठेवलीत. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून तुमचा सोबती आला आणि आईला म्हणाला, जॉबरला काय झालंय, चालू सांचा बंद करून पट्टे ओढून ओढून बघतो आहे, शेठ ओरडतोय. आई काळजीत पडली. तुम्ही तिला एवढंच म्हणालात, "मन्हा टाका सुटना. पोऱ्याना पाय ग्या." मी बाहेर खाटेवर पडून ऐकत होतो. उठून आत यायला चार पावलं होती. मी कूस बदलली.

चौथ्या दिवशी आईने माझी बॅग धुवायला काढली. मी बाजारात गेलो होतो. आलो तर तारेवर माझे कपडे वाळत होते आणि कपड्यांच्या मध्ये पट्टा, दोन्ही पितळी कड्यांसकट, टाका न् टाका शाबूत. तुम्ही त्याच्यासमोर उभे होतात. सकाळपाळी सोडून आला होतात बहुतेक. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार, आणि खरं सांगतो, बसली असती तर बरं झालं असतं. तुम्ही पट्टा तारेवरून काढलात, दोन्ही हातांत धरून एकदा जोरात ओढलात आणि माझ्या हातात दिलात. "हाऊ कोणता शे?" विचारलंत. मग मी सगळं सांगितलं, खडक, मान, लाथ, सगळं. तुम्ही ओट्यावर बसलात. मग म्हणालात, "चार दिवस मी माले शिव्या देतो आहे." एवढी अर्धीमुर्धी शुद्ध भाषाही तुम्ही घरात कधी बोलत नव्हतात. आणि मग म्हणालात, "सकाळमां भेस्तानले जाय. त्याले सांग. मारना तर मार खाय. पन सांग."

मी गेलो, आप्पा. जाणं खरं आहे. उधन्यावरून रिक्षा पकडली, भाऊच्या घरी दुपारपर्यंत बसलो. तो कॉटवर, बाजूला कुबड्या. शेजारचे दोघे-तिघे आलेले आणि तो त्यांना त्या दिवसाची गोष्ट सांगत होता. "याचा काय दोष," तो माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "पट्टाच तुटला. जीव खाऊन मॅगझिनं देत होता बिचारा." वहिनींनी मला आग्रहाने दुसऱ्यांदा वाढलं. शेजारी उठून गेले, वहिनी पाण्याला गेल्या, आम्ही दोघेच उरलो, आणि मी त्याला विचारलं की सरकारी पाय कधी बसवणार. तासभर आम्ही त्या पायावरच बोललो. परत आलो तेव्हा तुम्ही गल्लीच्या तोंडाशी उभे होतात. "सांगं का?" मी म्हणालो, "हो." "काय म्हने?" आणि मी बेधडक सांगितलं, "म्हने, व्हयनं ते व्हयनं." तुम्ही डोळे मिटलेत. माझ्या डोक्यावर हात ठेवलात, जो तुम्ही मी भरती झालो त्या दिवशीही ठेवला नव्हता. आईला म्हणालात, भूक लागली. त्या दिवशी तुम्ही तीन भाकरी खाल्ल्यात आणि मी समोर बसून पाहत होतो.

मी पलटणीत परतलो. दोन वर्षांनी तुम्ही गेलात, मला तार उशिरा मिळाली. त्यानंतर मी भाऊकडे येत-जात राहिलो. निवृत्त होऊन सुरतलाच आलो, त्याच्या मुलीच्या लग्नात वाढपी झालो. पट्ट्याचा विषय आपोआप जुना होत गेला आणि मला वाटायला लागलं की तो संपला.

मागच्या रविवारी गेलो होतो. आता तो थकला आहे, दारात खुर्ची टाकून बसतो. बोलता बोलता तुमचा विषय निघाला. म्हणाला, "तुझे आप्पा एकदा आले होते इथं. तू रजेवरून गेल्यावर, दुसऱ्याच आठवड्यात. बसलेच नाहीत. तिथं, त्या उंबऱ्याशी, हात जोडून उभे राहिले. म्हणाले, मन्हा पोऱ्याले माफ करं तुम्ही, तुमनं मन मोठं शे. डोळ्यांत पाणी. मला काही कळेना. पण म्हातारा माणूस एवढा हात जोडून उभा, म्हणून मी म्हटलं, हो आप्पा, केलं माफ." तो माझ्याकडे बघत राहिला, रागाने नाही, आम्ही गनवर असताना तो जसा हात मागे करून थांबायचा तसा थांबून. मग त्याने विचारलं, "कसली माफी होती रे ती? इतकी वर्षं विचारीन विचारीन म्हणतो."

त्या वेळी घरात कुणी नव्हतं. त्याने सरळ विचारलं होतं आणि उत्तर एका वाक्याचं होतं. आप्पा, मी म्हणालो, "सोडा हो भाऊ. आप्पांचं डोकं शेवटी शेवटी ठिकाणावर नव्हतं. काहीही बोलायचे."