सहाशे की साडेसातशे

१२ सप्टेंबर

आज जेवताना परत तेच — कार्बोरेटर सहाशेचा की साडेसातशेचा! घरमालकांनी बेसमेंटमधल्या भाडेकरूला वर जेवायला बोलवायचं कारण हेच. शैलेंद्र काकांना या विषयावर वाद घालायला माणूस लागतं. अरुणा काकूंनी कान कधीच बंद केलेत.

गाडी काकांची, १९७० ची शेव्हेल, इंजिन ३५० घनइंचाचं. जुन्या कार्बोरेटरची आतली दांडी झिजलीय, कडेने हवा खातो. मिनिटाला किती घनफूट हवा आत सोडतो त्यावर नव्याचा नंबर ठरतो. काकांनी पेपर नॅपकिनवर हिशेब मांडला. "साडेपाचशेच्या वर हे इंजिन पिऊच शकत नाही. सहाशेचा घ्यायचा. विषय संपला." केमिकल इंजिनियर, रिटायर्ड. त्यांचे विषय रोज संपतात.

मी साडेसातशेवाली. इंजिनाच्या झडपा उघडणारा कॅम मोठा बसवलाय, गिअर हाताचे — मग नाजूकपणा कशाला? सहाशेच्यात हवेची मागची दोन दारं इंजिनाच्या ओढीने हळूहळू उघडतात. साडेसातशेच्यात ती थेट पायाला बांधलेली. दाबलं की उघडलं.

"कॉलेज अर्धं सोडलंस ते दिसतंय," काका म्हणाले.

"तुम्ही पूर्ण केलंत. तरी गाडी बंदच आहे ना?"

काकू भात वाढता वाढता हसल्या. म्हणजे कान उघडे असतात तर.

१५ सप्टेंबर

गॅस्केट आणायला गेले, सेकंडहँड स्केट्स घेऊन आले. मापाचे नाहीत. गॅस्केट राहिलं.

२० सप्टेंबर

पार उत्तरेला, व्हाइटहॉर्सला एका लॉजमध्ये काम आहे म्हणे. अप्लाय केलं. इथे टायरच्या दुकानात तेच तेच. कुणाला सांगितलं नाही. लंडन सोडलं तेव्हा आईलासुद्धा एडमंटनला पोचल्यावर सांगितलं होतं.

काकांना जानेवारीत पंचाहत्तर पूर्ण. मग लायसन्ससाठी डॉक्टरकडे मेडिकल करावं लागतं. त्याच्या आधी, बर्फ पडायच्या आधी, शेव्हेल स्वतः चालवत डोंगरात, जास्परला जायचंय त्यांना. "नंतर देतील न देतील. एकदा जाऊन येऊ दे." काकू सिंकपाशी होत्या. भांडी जरा जोरातच वाजत होती.

२३ सप्टेंबर

ऑर्डर केला. साडेसातशे!

काका सकाळी जिन्यातूनच ओरडले, "केया, उठलीस का? घर, टीव्ही, स्नोब्लोअर — सगळं हिशेबात बसेल तेच घेतलं आजवर. एकदा तुझं ऐकतो." मी खूश झाले. मग अंघोळ करताना लक्षात आलं. आता गाडी बिघडली तर माझ्यामुळे.

३० सप्टेंबर

बसवला. दुसऱ्या चावीला सुरू. ड्राइव्हवेवर पुढेमागे केली. काकांनी गाडीच्या टपावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. दोघांची बोटं पेट्रोलने पांढरी. काकूंनी खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढला.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. काकूंनी गॅरेजमध्ये पाट मांडून त्यावर नटबोल्टचे पाने, स्क्रूड्रायव्हर, माझा टायर गेजसुद्धा ठेवला. गाडीला ओवाळताना म्हणाल्या, "बॉनेटला कुंकू लावून काय उपयोग? यंत्र आत आहे ना." मग वरचा एअर क्लीनर काढून ठेवला, कार्बोरेटरलाच हळदकुंकू, अक्षता. आज हत्यार उचलायचं नाही. मी कामावर गेले. साखरभात अप्रतिम.

३ ऑक्टोबर

गाडी गुदमरतेय. जागेवर ठीक, पण अॅक्सिलरेटर दाबला की मान टाकते. कोपऱ्यापर्यंतसुद्धा गेली नाही. ढकलत आणली.

५ ऑक्टोबर

काकांनी पुढची वाटी खोलली — कार्बोरेटरला पुढे-मागे पेट्रोल साठायच्या दोन वाट्या असतात. मी आत चावीपाशी बसले होते. दिवा धरून पाहिलं, म्हणाले, "स्वच्छ आहे. कचरा नाही. मोठाच पडतोय हा." काकू चहा घेऊन उभ्या होत्या. चेहरा एकदम उतरला. चहा थंड झाला म्हणून असेल.

८ ऑक्टोबर

परत पाठवायचा, सहाशेचा मागवायचा. तो येईपर्यंत बर्फ. म्हणजे जास्पर गेलं.

काका रागावत पण नाहीत. रागावले असते तर बरं. लंडनला मुलाशी, शंतनुदादाशी फोनवर बोलत होते — "नाही रे, पोरीचं काही चुकलं नाही, मीच हिशेब सोडला." व्हाइटहॉर्सवाल्यांचं हो आलंय. वाटलं, उद्याच निघावं.

११ ऑक्टोबर

लाँग वीकएंड. काका झोपले होते दुपारी. पाठवायच्या आधी पेट्रोल काढावं म्हणून मी वाट्या खोलल्या.

तांदूळ! कुंकवाने लालभडक. तळाला, पेट्रोल पुढे सोडणाऱ्या जेटच्या भोकांशी अडकलेले. इतके की शोधावेच लागत नाहीत, दिसतातच. मागची वाटी खोलली — तिच्यातही. वर श्वास घ्यायच्या दोन नळ्या आहेत, पेन्सिल जेमतेम जाईल एवढ्या. उडवलेल्या अक्षतांतला एखादा दाणा जाईल. दोन्हीकडे इतके नाही जात.

मागे वळले तर काकू.

"मीच टाकले," म्हणाल्या. "तुम्ही दोघं महिनाभर जेवताना सांगत होतात ना, त्या नळीत काही जाता कामा नये म्हणून."

"पण का?"

"ऑगस्टमध्ये देवळातून येताना लाल सिग्नल दिसलाच नाही त्यांना. समोरची बस ब्रेक मारून थांबली म्हणून वाचलो. मी बोलले की भांडण. शंतनुला सांगितलं तर म्हणतो, 'आई, यू वरी टू मच.' म्हटलं, माझं ऐकत नाहीत, गाडीने नाही म्हटलं तर ऐकतील."

मी म्हटलं, "आणि माझं काय? मला वाटत होतं मी चुकले."

"ते नाही सुचलं गं मला." पाटावरच बसल्या. "मला वाटलं, वाटी खोलतील, पकडतील, ओरडतील. तांदूळ समोर होते, केया. दिवा धरून बघितलं त्यांनी. आणि म्हणाले स्वच्छ आहे."

जेट साफ केले, बसवला, सुरू केली. ड्राइव्हवेच्या टोकापर्यंत दाबली — झकास. साडेसातशे बरोबर होता. आनंद झाला नाही.

१२ ऑक्टोबर

काकांना सांगितलं. दाणे फडक्यात ठेवले होते. म्हटलं, पूजेच्या अक्षता उडून आत गेल्या. काकूंचं बाकीचं नाही सांगितलं.

काकांनी फडकं डोळ्यांजवळ नेलं, मग लांब, मग खिडकीपाशी.

"पुढच्या वाटीत पण?"

"हो."

"मी खोलली तेव्हा?"

मी हो म्हटलं. खोटं बोलता आलं असतं. फडकं नीट घडी करून परत दिलं आणि काका वर गेले. जेवायला खाली आलेच नाहीत. काकू दोनदा जाऊन आल्या.

१४ ऑक्टोबर

सकाळी काका बसने रजिस्ट्रीत, म्हणजे लायसन्सच्या ऑफिसात गेले आणि लायसन्स कायमचं परत करून आले. कुणाला विचारलं नाही. आल्यावर सरळ गॅरेजमध्ये, ड्रायव्हरच्या शेजारचं, उजव्या बाजूचं दार उघडून बसले, बेल्ट लावला. "अरुणाला हाक मार, मागे बसेल. आणि तू काय बघतेस? चल, चालव. पाय जपून."