आमचे भंते आणि त्यांची समता

६ जाने., सोम.
हे विपश्यनेच्या शिबिरावरून आले. दहा दिवस मौन म्हणे. घरात तरी वेगळं काय करत होते? दारात चपला काढल्या त्या अशा हळू, जणू काचेच्या हायत. "दमलात का?" विचारलं तर आधी डोळे मिटले, मग म्हणाले, "दमणूक आहे. जाईल." भाषा पण बदलून आलेत! मी दिवसभर कारखान्यात युनिफॉर्मच्या कॉलरी मारते, माझी दमणूक कुटं जात न्हाय ती.

८ जाने.
पहाटे उठून बरोब्बर हॉलच्या मधोमध बसतात. केर कुठनं काढायचा? "भंते, सरका जरा." सरकले. चिडले पण न्हाईत. चिडले असते तर बरं वाटलं असतं.
आज मुद्दाम आमटीत मीठ घातलं न्हाय. आमची लेक तनू एका घासात उठली. ह्यांनी वाटी चाटूनपुसून संपवली. "कशी झालीय?" "आहे तशी आहे."
कपाळ माझं.

९ जाने.
विहारात ह्यांच्या मंडळींसोबत जाऊन आले, बघू तरी म्हटलं. बसणं झालं की सगळ्या प्राणिमात्रांना मैत्री देतात. मग बाहेर चपला सापडंना म्हणून एकमेकांवर खेकसतात. रिटायर क्लार्क भाऊसाहेब समतेवर, म्हणजे मन डळमळू न देण्यावर, बोलायला लागले की थांबत न्हाईत, आणि पंखा त्यांच्याकडंच फिरलेला पाहिजे. पुन्हा जाणार न्हाय.

११ जाने., शनि.
मंद्रूपहून दादांचा फोन, म्हणजे माझे थोरले दीर. तनूला पोरगा बघितलाय. करमाळ्याचा, घरचा ट्रॅक्टर. "गड्ड्याच्या जत्रेला येतोच हाय, पावण्यांना पण आणतो, पोरीच्या हातावर पेढा ठिवून पक्कं करून टाकू." विचारलं न्हाय, कळवलं. पोरगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. लग्न झालं की कॉलेज बंद, हे सगळ्यांना ठाऊक.
ह्यांनी काय म्हणावं? "बरं दादा."
लग्न झाल्यापासून हेच ऐकते. आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, दादा परस्पर मंद्रूपला घेऊन गेले, तेव्हा पण बरं दादा. म्हातारी गाडीत बसताना ह्यांच्याकडंच बघत होती. पूर्वी असल्या माणसाला शेळपट म्हणायचे, आता समता आली म्हणतात. शिबिराचा फायदा तो एवढाच.

१४ जाने.
तनू ह्यांच्यापुढं जाऊन बसली. "पप्पा, तुम्ही बोला की काकांशी."
"बघू या, आत काय येतंय वर."
काय येणार? ढेकर!
ह्या वेळी मी तोंड उघडणार न्हाय. दर वेळी मीच भांडते, मग दादा म्हणतात, "बायकोच्या तोंडानं बोलतोय." बाप बोलला तर बोलला, न्हायतर... लिहवत न्हाय. पोरीचे डोळे बघवत न्हाईत.

१९ जाने., रवि.
आले. दादा, पोरगा, पोराची आई. दादा खुर्चीत, हे खाली सतरंजीवर. पोराची आई पोहे खात म्हणाली, "शिकली काय, न्हाय शिकली काय, आमाला घर सांभाळणारी पायजे." पोरगा मोबाईल बघत बसलेला.
दादांनी बॉक्स उघडून तनूच्या हातावर पेढा ठेवला. ह्यांनी डोळे मिटले. झालं, गेले आत! मेल्या, पोरगी चाललीय आणि तू श्वास मोज! मी जीभ चावून बसले.
मग हे उठले. तनूच्या हातातला पेढा घेतला, परत बॉक्समध्ये ठेवला, झाकण लावलं.
"शिक्षण पुरं होऊ दे, दादा. आत्ता लग्न न्हाय."
"मला न्हाय म्हणतोस तू? मला?"
"व्हय दादा."
दादा लई बोलले. मी वाढवला, मी नोकरीला लावला, बायकोचा बैल. खाली गल्ली गोळा झाली. हे उभेच. आवाज चढवला न्हाय, आणि बोललेलं मागं पण घेतलं न्हाय. पावणे गेले. दारातनं दादा म्हणाले, "आईला बघायला माझ्या दारात पाय ठिवायचा न्हाय."
तेवढं ऐकून ह्यांचा चेहरा पडला.

२० जाने.
विचारलं, "काल समता होती का हो तुमची?"
"कसली समता? पळून जावं वाटत होतं. पळालो न्हाय, एवढंच."
एवढंच शिकवतात तिथं? मी घरात फुकट शिकवलं असतं.
कारखान्यातल्या बायका म्हणतात, नवरा लई खंबीर निघाला गं तुझा. एकदा न्हाय म्हणाला म्हणून काय हार घालू?

२६ जाने., रवि.
हे सकाळीच मंद्रूपला गेले. आत्यांना आवडतात म्हणून केळी घेतली. "दार उघडलं न्हाय तर?" "बसतो ओट्यावर." "आणि हाकललं तर?" केळ्यांची पिशवी उचलली. एस.टी. सुटंल म्हणून निघाले.
तनू आत मोठमोठ्यानं पाठ करतीय. दुपार टळली. फोन लावला, बंद. ह्यांना शिव्या घालायला म्हणून वही घेतली, आणि एक पण सुचत न्हाय. ह्या माणसाला आजवर नावं ठेवत आले, ह्याची वाट बघत बसायची मला सवय न्हाय. जीव नुसता दाराकडं लागलाय.
ताट झाकून ठेवलंय. अजून आले न्हाईत.