वहिनीच्या नावाचं गाऱ्हाणं

विक्रोळी,
८ फेब्रुवारी १९८५

चि. जयवंतास गुणादादाचे अनेक आशीर्वाद.

आईचे गुडघे काय म्हणतात? कुंदाचा खोकला थांबला का? शुभाचे दुधाचे दात पडले म्हणालास, नवे आले? आणि तुझी पाठ? ओझी उचलू नकोस, बाबा.

काल बाजारात बांगडे चकचकीत होते. तू मॅट्रिकला आमच्या खोलीवर होतास, तेव्हा बांगड्याच्या डोक्यावरून वहिनीशी भांडायचास. "भावोजी, डोकं माझं, तुम्हाला अभ्यासाला शेपटी पुरे!" म्हणायची. काटा न् काटा चोखून खायची रे ती. काल मी काहीच न घेता परतलो.

जयवंता, मागे 'पोटाचं लहानसं ऑपरेशन' लिहिलं, ते खरं नव्हे. वहिनीच्या मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ आहे.

मंगळवारी ऑपरेशन व्हायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी थांबवलं. दोन महिन्यांत सात किलो उतरलीय. रक्तातलं प्रोटीन कमी, अंगात दाह वाढलेला. अशा अंगाला टाके धरत नाहीत म्हणाल्या, आणि गाठ काढल्यावर माणूस किती तगेल, तेही यावरच ठरतं. मग तिला विचारलं, "मावशी, घरी रांधतं कोण?"

"मीच."

"आणि खातं कोण?"

"हे."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे.

मार्गशीर्षात मीच तुला लिहिलं होतं ना, देवळात गाऱ्हाणं घाल, ऑपरेशन पार पडेपर्यंत वहिनी एकभुक्त राहील म्हणून? तिला विचारलंही नव्हतं. नवस बोललो मी, उपास तिच्या वाट्याला, आणि दोन्ही वेळा तिच्या हातचं जेवलो मी.

आता पंधरा दिवस दिलेत. अंडी, मासे, दूध, चार वेळा खायचं. पण ती ऐकत नाही. "शब्द गावच्या देवापुढे गेलाय, तिथूनच परत येऊ दे," म्हणते. टपालाला जाऊन-येऊन आठ दिवस जातात. म्हणून पत्र मिळताच गुरवकाकांना गाठ. नवं गाऱ्हाणं घालायला सांग, तिचा उपास माझ्या अंगावर. ते काय बोलले ते शब्दाला शब्द लिही.

तुझ्या नावाचं खोटं पत्र मी लिहून पाहिलं. अक्षर जमलं, तुला गिरवायला मीच शिकवलंय. पण तिच्यापुढे वाचायला बसलो आणि 'ती. दादास' एवढंच वाचून कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

तेव्हा खरंच घडव, आणि उलट टपाली कळव.

तुझी वाट बघणारा,
गुणादादा