वाव आणि वर एक वीत

आत्याबाई, रीळ भरलं मी! आज भर दुपारी, धानाच्या त्याच खोलीत, दाराच्या फटीला गोधडी लावून. एक नाही, पोरीनं आणल्या होत्या तेवढ्या साऱ्या डब्या भरल्या, आणि बाहेर आले तेव्हा माझं तोंड असं फुललं होतं म्हणे, की पोरगी म्हणाली, "आजी, लगन तुहं हाय का माहं?" ही पोरगी म्हणजे तुमच्या लेकाच्या लेकाची लेक. तुम्ही गेलात त्यानंतरची, तुम्ही तिला पाहिलं नाही. उद्या तिची हळद, परवा लग्न. नवरदेव गडचिरोलीकडचा आहे, बरा आहे, थोडं कमी बोलतो, तेवढं ही भरून काढेल. आणि नवरी असून ती आत्ता माझ्यापुढे मांडी घालून हे लिहून घेते आहे, कारण मी तिला सांगितलं की आज सांगितलं नाही तर माझं पोट फुटेल आणि लग्नात तो एक खोळंबा होईल. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हालाही येत नव्हतं, सासू-सून दोघी सारख्याच. मी "मले-तुले" म्हणते, ती "मला-तुला" लिहिते. लिहू दे. शिकलेल्या पोरीच्या हातून थोडं तर बिघडायचंच.

तुम्ही म्हणाल, आता कुठलं रीळ आणि कुठलं काय. खरं आहे. आता फोटो मोबाईलमध्येच निघतो आणि मोबाईलमध्येच मरतो. आपला फोटो स्टुडिओ कधीचा बंद झाला. समोरच्या खोलीत तुमचा नातू खताच्या बोऱ्या ठेवतो. पण या पोरीला वेड लागलं. ऊर्जानगरला नोकरी करते, तिथं एक मैत्रीण आहे फोटो काढणारी, त्या दोघींनी मिळून हे काढलं. आजोबाचा कॅमेरा पेटीतून काढून नागपूरहून दुरुस्त करून आणला आणि म्हणाली, माझ्या लग्नाचे फोटो यातच काढायचे, काळे-पांढरे. मग रिळासाठी मोठा डबा मागवला, आपल्याकडे यायचा तसाच: आत चकलीसारखी गुंडाळलेली लांबच लांब फिल्म, त्यातून लागेल तेवढी कापायची आणि रिकाम्या डब्यांत घरीच भरायची. सोबत भरायचं एक काळं यंत्र होतं. उजेडात बसून त्याचं हँडल फिरवलं की डबी भरते म्हणे. हँडल वाटेतच मोडून आलं. पोरगी रडकुंडीला. लग्न तोंडावर, डबा एकच, आणि उजेड लागला की सारी फिल्म वाया. मी सुपात तांदूळ निवडत होते. म्हटलं, "यंत्र काऊन पाहिजे वं? हात हायेत न." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी बस चालवते म्हणाले.

तिला काय माहीत. दुकानाच्या पाटीवर नाव तुमच्या लेकाचं, पण मामाजी, तुमचे मालक, वारल्यापासून रिळं तुम्ही भरायच्या. तुमचा लेक उजेडातला माणूस. कॅमेरा गळ्यात आला की नवरदेवाच्या आईलासुद्धा दटावायचा, पण दार लावून अंधार केला की त्याला घाम फुटायचा. मी लग्न होऊन आले त्याच उन्हाळ्यात तुम्ही मला आत घेतलं. मला अजून सारं दिसतं. म्हणजे दिसत काहीच नाही, ऐकू येतं. धानाचा वास आहे. धूळ बसावी म्हणून तुम्ही जमिनीवर पाणी शिंपडलं आहे आणि माझे पाय गार पडले आहेत. "झटक्यानं ओढू नोको! उन्हाळ्याची फिलम हाय, ठिणगी मारते, फोटोत डाग पडते." मी हळू ओढते. "कडेनं धर. भाकर थापून राह्यली का?" मी कडेनं धरते. "चिकट बाजू कोनती?" आता मला काय माहीत! "ओठाले लाव." मी लावते. एक बाजू ओठाला जरा धरते, दुसरी सटकते. धरते ती आत. म्हणून तंबाखूचा खर्रा खाऊन त्या खोलीत यायला बंदी होती, आणि मी चोरून खाल्ला की तुम्हाला वासावरून कळायचं. तर तेव्हापासून साऱ्या तालुक्याच्या लग्नांना माझा ओठ लागला आहे आणि कोणालाच पत्ता नाही. नवरी लिहिता लिहिता हसते आहे. हस बाई, तुझ्याही लग्नाला लागला.

माप म्हणजे वाव. दोन्ही हात पसरायचे, या बोटापासून त्या बोटापर्यंत ओढली की एक रीळ. तुम्ही उंच, तुमची वाव भरदार. मी ही अशी. माझी रिळं लवकर संपायला लागली, आणि एका लग्नात तर नवरी अजून आईच्या गळ्यात पडून रडते आहे आणि इकडे कॅमेरा रिकामा. तुमचा लेक घरी येऊन तणतणला, "कोनं भरलं हे?" तुम्ही मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणालात, "तिचा काई दोष नाई. देवानंच कापड कमी टाकलं." आणि त्या दिवसापासून माझ्यापुरतं माप ठरलं, वाव आणि वर एक वीत. मला राग आला होता. रात्रीच्या जेवणापर्यंत टिकलाही.

मग रेघेची भानगड. माझ्या हातची रिळं धुऊन निघाली की फोटोत एक बारीक रेघ. नवरदेवाच्या गालावरून, भटजीच्या पोटावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. तुमच्या लेकाला वाटलं, कॅमेऱ्यात खडा गेला. फुंकून फुंकून त्याचे गाल दुखले. तुम्ही मला आत नेलं, दार लावलं, माझं मनगट धरलं आणि हिरव्या बांगड्या एकदा वाजवल्या. काच घासत होती फिल्मवर. "काढू का मंग?" मी भीत भीत विचारलं, कारण सवाष्णीनं हात रिकामे करायचे नसतात एवढं एक मला माहेरून शिकवून पाठवलं होतं. तुमचं रिकामं मनगट माझ्या हाताला लागलं. तुमच्या रिळांवर रेघ का येत नाही, ते मला त्या अंधारात कळलं. मग फर्रकन कापड फाटल्याचा आवाज. तुम्ही जुन्या लुगड्याची पट्टी काढली होती. माझ्या बांगड्या वर सरकवून तुम्ही त्यांच्यावर ती घट्ट गुंडाळली आणि म्हणालात, "राहू दे हातातच. घडीभर त्यायलेबी झोपू दे." एकदा मी त्या पट्ट्या सोडायच्या विसरले आणि तशीच विहिरीवर गेले. झालं! साऱ्या मूल गावात संध्याकाळपर्यंत बातमी, की सासूनं सुनेचे दोन्ही हात भाजले. मी घाबरत तुम्हाला सांगितलं. तुम्ही खुश. "बरं झालं," म्हणालात, "आता मले सारे भेतीन."

पण लोकांना खरं सांगायचं नाही, हेही घरात ठरलेलं होतं, कोणी न ठरवता. लग्नघरी तुम्ही हळदीला पुढे जायच्या नाहीत, कोणी बोलवायचंही नाही. मागच्या चुलीजवळ बसायच्या, वांगी चिरायच्या. आणि त्याच लग्नाची फिल्म आदल्या दिवशी तुमच्याच हातांतून गेलेली असायची. एकदा एक नवरदेवाची आई फोटो न्यायला आली आणि तुमच्या लेकाला म्हणाली, "लय शुभ हात हाय बापा तुमचा! सारे फोटो साजरे आले." पडद्यामागे आपण दोघी धान पाखडत होतो. सूप न थांबवता तुम्ही माझ्या कानाशी म्हणालात, "हात त माहा हाय." मी तोंडात पदर कोंबला. तुम्ही पाखडतच राहिलात, कोंडा उडत राहिला.

तुमचा लेक जाऊन आता बरीच वर्षं झाली. म्हणजे आता माझेही हात तुमच्यासारखे. काल चंद्रपूरहून तुमची धाकटी सून आली. ती लग्न झाल्यापासून तिकडेच, तिला आपल्या खोलीतलं काही माहीत नव्हतं. मी डब्या पुसत बसलेली तिनं पाहिली, जवळ सरकली, आणि आवाज उतरवून म्हणाली, "बाई, राग नोका मानू. पोरीच्या लग्नाचं रीळ हाय. तुमी काऊन हात लावता? तिच्या मायले लावू द्या."

"तिच्या मायले त अंधारात आपला पाय सापडत नाई," मी म्हटलं.

ती हसली नाही. मग मी विचारलं, "तुह्या लग्नाचा फोटो हाय न, बैठकीत लावलेला?"

"हाय न. अजून जरासाबी फिका नाई पडला."

"त्याचं रीळ आत्याबाईनं भरलं होतं. त्यायच्या हातानं."

 मी वाट पाहत होते, आता ही रडते का भांडते. तर मांडीवर थाप मारून म्हणाली, "तरीच! तरीच हा मानूस उभ्या जन्मात मायं एक आयकत नाई!" आम्ही दोघी अशा हसलो की माझी सून पळत आली, तिला वाटलं कोणी पडलं. तुमचा धाकटा लेक ठणठणीत आहे, आत्याबाई. रोज भांडतो.

तर आज जेवणं झाल्यावर आत गेलो, मी आणि पोरगी. तिला शिकायचं होतं. मी डबा उघडला, टोक काढलं, झाकण परत टेकवलं, दोन्ही हात पसरले, आणि एकदम खोलीत हिरवा उजेड! पोरगी मनगटावर घड्याळ बांधून आली होती. हात उचलला की ते आपोआप पेटतं म्हणे. मी अशी ओरडले की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. "हाताले दिवा बांधून अंधारात आली का वं पोट्टे!" तिनं ते घड्याळ काढून धानात खुपसलं. बाहेर ओढलेली तेवढी फिल्म गेली. गेली तर गेली. मी चाचपून कापली आणि तिच्याच हातात दिली, म्हटलं घे, याच्यावर शीक, आता हिचं काही बिघडत नाही. आणि मग, आत्याबाई, माझी बोटं सुटली. मला धाकधूक होती की इतक्या वर्षांनी ती विसरली असतील. ती तर माझ्यापुढे पळत होती. टोक ओठाला, चिकट बाजू आत, फिरकीला चिकटपट्टी, गुंडाळलं, डबीत सरकवलं, झाकण दाबलं, टच्. तो टच् ऐकला आणि मी अंधारात दात काढून हसले. शेवटच्या दोन पोरीनं भरल्या. ती उंच आहे, तुमच्यावर गेली. तिला वरची वीत लागत नाही.

धीर कोणाला होता! एक छोटा तुकडा भरून लगेच अंगणात फोटो काढले, पोरीनं न्हाणीत धुतले आणि ओली फिल्म दोरीवर कपड्यासारखी चिमटा लावून टांगली. मी ती उन्हाकडे धरली. सुईत दोरा ओवता येत नाही मला आता, पण रेघ दिसते. एकही नव्हती. काचेसारखी साफ! त्यात सारं उलटं दिसतं ना, जावेचे पांढरे केस काळेभोर झाले होते. ती म्हणाली, "हे असंच राहू द्या, छापू नोका."

आता एक सांगते आणि गप्प बसते. ही चिठ्ठी कुठं पाठवायची नाही, म्हणून सांगायला बरं. जावेपुढं मी हसले, ते खरं हसले. पण आज पोरगी फटीला गोधडी लावत होती तेवढ्यात मी भिंतीला टेकून उभी राहिले, हात पदराला पुसले, आणि मनातल्या मनात विचारलं, माझ्या हातानं या पोरीचं काही वाकडं तर होणार नाही ना? इतकं सारं माहीत असून विचारलं. तुम्हीही आत आल्यावर आधी अशाच भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. मला वाटायचं, डोळ्यांना अंधाराची सवय करून घेता. दर लग्नाच्या आधी हेच विचारायच्या का हो?

पोरीनं लिहिणं थांबवलं होतं. मी म्हटलं, लिही. आता लिहिते आहे, पण नाक ओढत. म्हणते, उद्या पहिली हळद मले तूच लावाची, दुसऱ्या कोनाले हात लावू देत नाई. मी तिला अजून हो म्हटलेलं नाही. पण हात धुऊन बसले आहे.