ज्येष्ठ अमावास्येच्या आत परत

॥ श्री ॥

अंधेरी,
ता. १७ एप्रिल १९५५

ती. मामांस,
नंदकिशोरचा शि. सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी मुलुंडला आलो असता आपण जिन्यात थांबवून जे काम सांगितलेत, त्याची चौकशी मी कचेरीत केली. आमच्याकडे सिलोनची तिकिटे काढणारे बहुतेक व्यापारी असतात. मुद्दाम सूर्यग्रहण पाहण्यासाठी तिकडे निघालेला गृहस्थ आमचे हेडक्लार्क गुणाजीराव यांनी आजवर पाहिला नव्हता. मामांची प्रकृती बरी आहे ना, असे त्यांनी मला दोनदा विचारले.

मद्रासपर्यंत रेल्वे, तेथून रामेश्वर, धनुष्कोडीला बोट आणि पलीकडे उतरले की पुन्हा रेल्वे, असा प्रवास आहे. समुद्र थोडाच वेळ लागतो, तेव्हा मामींना बोट लागण्याची भीती फारशी नाही. वटपौर्णिमा झाली की निघावे, म्हणजे २० जूनच्या सकाळी आपण पोलोन्नरुवा या गावी सुखरूप असाल. सूर्य काही मिनिटे पूर्ण झाकला जाणार, असे आपण म्हणालात ते वर्तमानपत्रातही आले आहे.

आता मनातले लिहितो. मामींना फक्त रामेश्वर आणि लंका दाखवायला नेतो असे सांगायचे, ग्रहणाचे नाव काढायचे नाही, असे आपण बजावलेत. परंतु मामी ग्रहण किती कडक पाळतात हे आपण जाणता. त्या दिवशी घराबाहेर पाऊल नाही, तोंडात पाण्याचा थेंब नाही. मी लहान असताना मला तोंडावर चादर ओढून निजवून ठेवीत आणि हललो तर चिमटा काढीत. त्यांना न कळवता परदेशात नेऊन त्याच सकाळी उघड्यावर उभे करायचे, हे मला बरे वाटत नाही. त्यांनी रामेश्वरी थांबावे आणि आपण एकट्याने पुढे जावे, असे केले तर चालणार नाही का? त्यांनी मला सरळ विचारले तर मी काय लिहू?

इंग्रजी सहावीत माझी शाळा सुटली तेव्हा आपण मला एका शब्दाने बोलला नाहीत. त्यामुळे आपल्याला नाही म्हणण्याची मला सवय नाही. मामींना नमस्कार सांगा असे लिहिणार होतो, पण हे पत्र आले हेच त्यांना कळायला नको.

लोभ आहे तसा राहू द्यावा, मी त्यास उणा पडलो तरी.

आपला आज्ञाधारक,
नंदकिशोर

---

मुलुंड,
ता. २१ एप्रिल १९५५

चि. नंदकिशोर यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र शाळेच्या पत्त्यावर पोचले. मी सेवानिवृत्त झालो तरी तिथला शिपाई अजून माझे टपाल राखून ठेवतो. पत्रात एकही खाडाखोड नाही. तुला माझ्या वर्गात बसवून माझ्या इतर विद्यार्थ्यांना दाखवायला हवे होते. असो.

गुणाजीरावांना सांग की प्रकृती उत्तम आहे, फक्त वय झाले आहे. असे ग्रहण आपल्या इतक्या जवळ पुन्हा माझ्या हयातीत व्हायचे नाही. एकट्याने जायचे असते तर मी तुला जिन्यात कशाला गाठले असते? सरळ तिकीट काढले असते.

तिला बरोबर का न्यायचे, ते सांगतो. आमच्या लग्नानंतर तिसऱ्या वर्षी आम्ही घाटकोपरला राहत होतो. खंडग्रास ग्रहण होते. तुझी मामी आत सोवळ्यात जप करीत बसली होती. मी तिला हाका मारमारून गच्चीवर बोलावले, आणि काय आश्चर्य, ती आली. काजळी धरलेली काच डोळ्याला लावून तिने सूर्याची चंद्रकोर पाहिली आणि इतकी हसली की शेजारचे लोक वळून बघू लागले. माझ्या संसारातला तो सर्वांत चांगला दिवस. त्यानंतर ती कधीच आली नाही. पुढची सगळी ग्रहणे मी एकट्याने पाहिली. शेवटचे तरी तिने माझ्या शेजारी उभे राहून पाहावे, एवढीच इच्छा आहे. आधी सांगितले तर ती उंबरठा ओलांडायची नाही. तिथे गेल्यावर आपोआप येईल, हे मी तिला ओळखतो म्हणून म्हणतो.

तिने विचारलेच, तर अमावास्येच्या आत घरी परत येणार असे लिही. परतीच्या गाडीत जागा मिळाली नाही, असे तिथे मी सांगेन. तिचा माझ्यावर फारसा विश्वास नाही, तुझ्यावर आहे.

तुझा,
मार्तंडमामा

---

॥ श्रीरामेश्वर प्रसन्न ॥

मुलुंड,
ता. २ मे १९५५

चि. नंदू यास अ. आ.

तुझ्या मामांनी निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच शहाणपणाची गोष्ट काढली आहे. मला रामेश्वरला नेणार. पुढे लंकेतही जाऊ म्हणतात. जाऊ की. सीतामाईला ठेवली होती ती जागा तेवढी बघेन, बाकी ह्यांचे दगड नि देवळांचे खांब ह्यांनी बघावेत. पटकीची सुई टोचून घेतली. माझा दंड पोळीच्या गोळ्यासारखा फुगलाय आणि ह्यांना काहीच नाही. मेतकूट, भाजलेले पोहे आणि लिंबाचं लोणचं बांधून घेतेय. तिकडे म्हणे सगळ्यात मासे घालतात.

एकच विचारायचं आहे, नीट उत्तर दे. ज्येष्ठ अमावास्या सोमवारी आली आहे आणि त्याच दिवशी ग्रहण. पंचांगात पाहिलं. त्या दिवशी मला माझ्या घरात असायलाच हवं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, नंदूला माहीत, तारखा त्याच्याकडे. गड्या, त्या तारखा तू मला स्वतःच्या हाताने लिहून पाठव. तू लिहिलंस म्हणजे मी निर्धास्त होईन. एवढासा होतास तेव्हापासून पाटीवर काही लिहिलंस की माझ्याकडून तपासून घ्यायचास, आणि मला कुठं धड वाचता यायचं!

रविवारी जेवायला ये. फणसाची भाजी करीन.

तुझी मामी

---

॥ श्री ॥

अंधेरी,
ता. ५ मे १९५५

ती. मामींस,
नंदकिशोरचा शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र पोचले. दंडावर गरम पाण्याचा शेक घ्यावा.

आपण विचारलेल्या तारखा खालीलप्रमाणे आहेत. वटपौर्णिमेनंतर दोन दिवसांनी व्ही.टी.वरून निघणे. त्यानंतर रामेश्वर आणि सिलोन. ज्येष्ठ वद्य त्रयोदशीस परत मुलुंड. म्हणजे अमावास्येस आपण घरी असाल.

या रविवारी कचेरीत काम असल्याने जेवायला येता येणार नाही. राग नसावा.

आपला,
नंदकिशोर

---

मुलुंड,
ता. १४ मे १९५५

चि. नंदू यास अ. आ.

हाही रविवार गेला, आला नाहीस. इतकं कसलं काम रे? भाजी शेजारच्या मालनला दिली, ती तुझ्या नावाने खाऊन गेली.

तुझं पत्र देवाजवळ ठेवलं आहे. तारखा वाचून जिवात जीव आला. तुला वाटेल, ही बाई एका ग्रहणासाठी एवढी का जीव टाकते. आजवर कुणाला सांगितलं नाही. तू माझ्या हातावर वाढलास, म्हणून तुला सांगते.

घाटकोपरला असताना मला दिवस गेले होते. सहावा महिना होता. ग्रहणात तुझ्या मामांनी गच्चीवर बोलावलं. आत सासूबाई होत्या, त्या नको म्हणत होत्या. पण मीही तेव्हा विशीतली होते, ह्यांनी हाक मारली की पाय राहत नसत. गेले. काचेतून पाहिलं. छानच दिसत होतं, खोटं कशाला सांगू. आठव्यात मुलगी झाली ती गेलेलीच. पुन्हा काही झालं नाही.

सासूबाई मरेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघायच्या. मुलगी गेली ते ह्यांना माहीत, पण ते मी त्या ग्रहणाला लावते हे माहीत नाही आणि कळताही कामा नये. मनाला लावून घेतील. ह्यांची काय चूक? त्यांनी हौसेनं बोलावलं, गेले मी. पण तेव्हापासून त्या दिवशी आभाळाखाली पाय ठेवत नाही. पुन्हा तिथं उभी राहिले तर मला त्या मुलीला तोंड दाखवता यायचं नाही. हे वेड असेल. असू दे.

म्हणून तुझे उपकार की आम्हाला आधी परत आणतोयस. शपथ घाल स्वतःला, मामांना यातलं काही सांगणार नाहीस.

येताना अंधेरीच्या बाजारातून चांगलं हिंग आण.

तुझी मामी

---

॥ श्री ॥

अंधेरी,
ता. १७ मे १९५५

ती. मामींस,
नंदकिशोरचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडले. आता जसे उतरेल तसे पाठवीत आहे.

मी आपल्याला ज्या तारखा लिहिल्या त्या खोट्या आहेत. त्रयोदशीची परतीची तिकिटे मी काढलेलीच नाहीत. अमावास्येच्या सकाळी आपण सिलोनमध्ये असणार आणि ते ग्रहण तिथेच पूर्ण दिसणार आहे. मामा त्यासाठीच निघाले आहेत. आपल्याला शेजारी उभे करून ते दाखवावे, अशी त्यांची इच्छा आहे. गाडीत जागा नाही म्हणून तिथे सांगायचे, असे ठरले होते.

मामांनी सांगितले म्हणून केले, असे मी म्हणणार नाही. पत्र माझ्या हाताने लिहिले आहे. आपण ते देवाजवळ ठेवले हे वाचले आणि त्याच रात्री हे लिहायला बसलो. रविवारी कचेरीत काम नव्हते. आपल्यासमोर पानावर बसण्याचे धैर्य नव्हते. आपले कारण मला आधी ठाऊक नव्हते हे खरे, पण कारण ठाऊक नसले तरी खोटे लिहायला नको होते.

आपण मला जे सांगितलेत ते मी मामांना सांगितलेले नाही, सांगणार नाही. एवढेच लिहितो की त्यांच्या मनात आपल्याला दुखवायचे नव्हते. त्यांना त्या गच्चीवरचे आपले हसणे आठवते. त्यांना तेवढेच आठवते.

मामांनाही वेगळे पत्र टाकून मी आपल्याला सर्व कळवल्याचे सांगत आहे. आपण म्हणाल तर तिकिटे रद्द करतो, किंवा आपले फक्त रामेश्वरपर्यंतचे करतो. आपण काहीही न लिहिले तर तेही मला समजेल.

आपण धरलेत तर आपला,
नंदकिशोर

---

मुलुंड,
ता. २६ मे १९५५

चि. नंदू यास,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नव्हता, म्हणून इतके दिवस गेले. आज लिहिते. अनेक आशीर्वाद.

मामांच्या ट्रंकेत धोतराच्या घडीत काजळी धरलेल्या काचा मी पंधरा दिवसांपूर्वीच पाहिल्या होत्या. चांगल्या दोन काचा, एक माझ्या मापाची. मनात आलं, काहीतरी शिजतंय. पण मग म्हटलं, नंदूने लिहून दिलंय ना, मग काही नाही. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं ठरवलं मी तुझ्या पत्रासाठी. हे तुला कळावं म्हणून लिहिते. ओरडायचं असतं तर तुला बोलावून घेतलं असतं.

तुझं पत्र आल्यावर स्वारी दोन दिवस नकाशे गुंडाळत बसली. तिसऱ्या दिवशी दुर्बीण फडक्यात बांधून माळ्यावर टाकली आणि म्हणाले की जायचं नाही, कुठंच नाही. मग माझंच चित्त ठिकाणावर राहीना. माणूस तीन महिने पोरासारखा नकाशे घेऊन बसला होता. मीच शिडी लावली आणि दुर्बीण खाली काढली.

तिकिटं रद्द करू नकोस. आम्ही जाणार. मी लंकेतही जाणार. पण त्या सकाळी दार लावून आत बसेन आणि ते बाहेर उभे राहतील. हे त्यांना मी तोंडावर सांगितलं आहे, त्यांनी मान हलवली. का, ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तू तेवढी अशी खोली बघून दे, जिला आतून कडी असेल आणि खिडकी बंद होत असेल. आणि ती खरोखर आहे याची खात्री करून मगच मला लिही.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तो जाईल तेव्हा जाईल. तोवर जेवायला यायला काय झालं?

तुझी मामी

---

रामेश्वर,
ता. २३ जून १९५५

चि. नंदकिशोर यास अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघे सुखरूप आहोत. पोलोन्नरुव्याला तू ठरवलेली खोली तू लिहिलीस तशीच होती. आतून कडी होती, खिडकीला लाकडी फळ्या होत्या. धर्मशाळेच्या रखवालदाराला तू पत्राने इतके प्रश्न विचारले होतेस की तो मला तुझ्या कचेरीचा साहेब समजून सलाम करीत होता.

सोमवारी पहाटे मी मैदानावर गेलो. देशोदेशीचे लोक मोठमोठी यंत्रे मांडून बसले होते. आभाळ सगळे भरलेले. आठच्या सुमारास उजेड पिवळट झाला, मग एकदम उतरू लागला. कावळे ओरडत झाडांकडे निघाले. सगळे माना वर करून ढग फाटायची वाट पाहत होते. मीही पाहत होतो. आणि मला त्या बंद खोलीचे स्मरण झाले. बाहेर इतका अंधार पडला, तर आत किती असेल? आणि ती तिथे एकटी होती. मी काच खिशात घातली आणि चालू लागलो, पुढे पळालोसुद्धा, या वयात. ढग नंतर फाटले की नाही ते मला ठाऊक नाही. कुणाला विचारलेही नाही.

मी दार वाजवले. बराच वेळ उघडले नाही, मग उघडले. मी आत जाऊन दार लावले आणि तिच्याजवळ जमिनीवर बसलो. दिसले का, असे तिने विचारले. मी नाही म्हणालो. मग त्या अंधारात तिने मला घाटकोपरची सगळी हकीकत सांगितली. तुला ती ठाऊक होती हेही सांगितले. तू ती माझ्यापर्यंत येऊ दिली नाहीस ते योग्य केलेस. ती मला तिच्याच तोंडून कळायला हवी होती, आणि तीस वर्षांपूर्वी.

काचेतून सूर्य पाहिल्याने पोटातल्या मुलाला काही होत नाही, हे मी जन्मभर वर्गात शिकवले. त्या खोलीत मी ते तिला सांगितले नाही. माझ्या सर्वांत चांगल्या दिवसाचे ओझे ती एकटी वाहत होती आणि मी तिला पुन्हा तिथेच घेऊन चाललो होतो, तेही तुझ्या हातून खोटे लिहवून. त्याबद्दल तुझ्यापुढे मान खाली आहे. मामाने भाच्याला असे लिहू नये म्हणतात. मी लिहितो.

उद्या सकाळी तिच्याबरोबर समुद्रात स्नानाला उतरणार आहे. मला मंत्र येत नाहीत आणि तसले काही मी आजवर केलेले नाही, हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, मंत्र नकोत, नुसता हात धरून उभे राहा, मुलीला दोघेही आलेले दिसले पाहिजेत.

आम्ही येईपर्यंत जपून राहा. लोभ कमी झालेला नाही, दोघांचाही.

तुझा,
मार्तंडमामा