तीन ठिपक्यांची निशाणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणतीस, काम हेलिकॉप्टरची देखभाल आणि दुरुस्ती, सध्या मुक्काम रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावरची खिडकीकडची खाट, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. असं सगळ्याच मृत्युपत्रांत असतं. इथे ते लिहिण्याला कारण आहे, ते पुढे येईल. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत टाचला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. या वयात कोण करतं?

या कागदात सगळे आकडे अक्षरांत लिहिले आहेत. त्यालाही कारण आहे.

कलम पहिले. बँकेतली शिल्लक, स्कूटर आणि भाड्याच्या खोलीतलं सामान माझ्या धाकट्या बहिणीला मिळावं. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. बाबांच्या घरच्या भिंतीवरून माझी पदवी काढू नये. घरातली ती पहिली. बहिणीने दुसरी आणून शेजारी टांगावी. मात्र ताईसारखी हो, असं तिला कोणी सांगू नये.

कलम दुसरे. माझा टॉर्क रेंच स्टोअर सांभाळणाऱ्या मावशींना द्यावा. नट किती जोराने आवळायचा ते ठरवून देणारा हा पाना आहे. ठरलेला जोर आला की हातात टक् करतो. काम झालं की त्याची स्प्रिंग सैल करून ठेवायची. ताणलेली राहिली तर पाना खोटं बोलायला लागतो. हे मावशींनीच मला पहिल्या दिवशी शिकवलं. वर म्हणाल्या, "पोरी, तूही घरी जाताना सैल होऊन जात जा." मावशी, पान्याचं मी कधी विसरले नाही. दुसरं जमलं नाही.

कलम तिसरे. नखं घासायचा ब्रश आत्याला. "असल्या काळ्या नखांच्या मुलीला कोण पदरात घेणार?" असं ती दर भेटीत विचारायची. आत्या, कोणी घेतलं नाही. तुझा शब्द खाली पडला नाही.

हँगरच्या, म्हणजे आमच्या हेलिकॉप्टर दुरुस्तीच्या शेडच्या, व्यवस्थापकांना, ज्यांना आम्ही त्यांच्या माघारी 'होऊन-जाईल' म्हणायचो, माझी हॅक्सॉ, धातू कापायची करवत, द्यावी, नवं पातं लावून. ती त्यांनाच का, ते पाचव्या कलमात.

कलम चौथे. वडिलांच्या नावे मी काहीही ठेवलेलं नाही. रागाने नाही. मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाईंनी सांगितलं. आणि मला बाबांची साक्ष हवी आहे.

बाबा टर्नर. चाळीस वर्षं लेथवर, धातू कातायच्या यंत्रावर, उभे होते. मिलिमीटरचा शंभरावा भाग त्यांना बोटाला कळतो. अक्षरं वाचता येत नाहीत, आकडे येतात. या कागदावर त्यांना बाराशे हा आकडा अंकांत दिसला असता तर त्यांनी तो ओळखला असता. सहीऐवजी ते तीन ठिपके काढतात, त्रिकोणात, तिसरा नेहमी जास्त खोल. घरातल्या त्यांच्या प्रत्येक लाडक्या वस्तूवर टोकदार पंच ठोकून मारलेली ही खूण आहे. कढईच्या कानावर आहे, माझ्या शाळेच्या कंपासपेटीवरही आहे.

काल ते भेटायला आले तेव्हा म्हणाले, "एवढं काय लिहितेस गं?"

"हत्यारं कोणाला द्यायची ते. उद्या तुमची खूण लागेल."

"मला काय ठेवलंस?"

"तुम्हाला काही नाही."

ते हसले. "बरं केलंस. लेकीने कधी बापाला वाटणी दिलीय होय?" मग बराच वेळ माझ्या पायावरची चादर सारखी करत बसले. ती सारखीच होती.

लेकीने शिकून घरात उजेड पाडला, असं बाबा येईल त्याला सांगतात. तीच मी त्यांच्या न वाचता येण्याचा फायदा घेते आहे. हे मला कळतं.

कलम पाचवे. हा माझा कबुलीजबाब समजावा.

हेलिकॉप्टरचा वरचा पंखा एका बाजूला फिरतो, म्हणून त्याचं अंग उलट्या बाजूला गरगरू बघतं. त्याला शेपटीचा छोटा पंखा धरून ठेवतो. वैमानिक पायाने पेडल दाबतो तेव्हा या छोट्या पंख्याच्या पात्यांचा कोन बदलतो. कोन बदलणारी दांडी जेमतेम वीतभर असते. बाराशे तास उडाली की ती काढायचीच. तेव्हाही ती नव्यासारखी दिसते. धातूचा थकवा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून नियम असा, की काढलेली दांडी हॅक्सॉने कापून, दोन तुकडे करूनच भंगारात टाकायची. म्हणजे पुन्हा वापरायचा मोह कोणाला होऊ नये.

नोकरीच्या पहिल्या वर्षी अशी एक दांडी मी कापली नाही. 'नष्ट केली' या रकान्यात सही केली आणि ती घरी आणली. आपली मुलगी काय काम करते, ते मला बाबांच्या हातात ठेवायचं होतं. त्यांनी ती उजेडाकडे धरली, अंगठा फिरवला.

"हिला काय धाड भरलीय? कापायची कशाला?"

"बाराशे तास झाले, बाबा. आतून थकलीय."

"थकलोय तर मीही. आण हॅक्सॉ!"

आम्ही पोट धरून हसलो. त्यांनी दांडीच्या एका टोकाला तीन ठिपके मारले आणि माझ्या पदवीखालच्या फळीवर ती मांडली.

दोन वर्षांनी ती फळीवर दिसेना. जुन्या सुट्या भागांचा एक व्यापारी लेथवर यायचा, त्याला बाबांनी ती देऊन टाकली होती. फुकट. "चांगला माल शोभेला ठेवू नये गं. वस्तू कामात असली की जिवंत राहते." मी ते कोणाला कळवलं नाही. हँगरमध्ये बोलायचं तर आधी खोटी सही सांगावी लागली असती.

पुढच्या वर्षी हँगरमध्ये एक दांडी आली, नवं लेबल, ताजा रंग. एका टोकाला रंग जाड वाटला. खरवडून बघू का, असं मी विचारलं. व्यवस्थापक म्हणाले, "लेबल आहे ना? मग बसवा. होऊन जाईल." मी बसवली. ठरल्या जोराने आवळली, नट सैल होऊ नये म्हणून तार पिळून बांधली आणि सही केली.

ते हेलिकॉप्टर उडवणारे कॅप्टन दर उड्डाणाआधी विचारायचे, "काय इंजिनीअरबाई, येऊ ना परत?"

मी म्हणायचे, "सही केलीय की."

एकेचाळीस तास ती उडाली. बेचाळिसाव्या तासाला कॅप्टन एकटेच परतत होते. पोचले नाहीत.

कोसळलेल्या हेलिकॉप्टरचे अवशेष हँगरच्या फरशीवर मांडले तेव्हा दांडीच्या तुटक्या टोकावरचा रंग उडालेला होता. खाली तीन ठिपके. तडा तिसऱ्या ठिपक्यातून निघाला होता, खोल असलेल्या. पंचची खूण म्हणजे अशा धातूला जखम, आणि तडा जखम शोधतो. मला हे कॉलेजात शिकवलं होतं. तरी बाबांनी ठिपके मारले तेव्हा मी शेजारी उभी राहून हसत होते.

चौकशीचा निष्कर्ष: वैमानिकाचा शेपटीवरचा ताबा सुटला. खोटं नाही ते. ताबा ठेवायला काही उरलंच नव्हतं. मी चौकशी करणाऱ्यांना तीनदा लेखी कबुली दिली. उत्तर एकदाच आलं: दीर्घ आजारामुळे आपल्या मनावर परिणाम झाला असावा, विश्रांती घ्यावी. दांडीचे तुकडे नियमानुसार कापून वितळवले आहेत, असंही त्यात होतं. शेवटी नियम पाळला गेला म्हणायचा. मला साधी नोटीससुद्धा आली नाही.

कलम सहावे. या मृत्युपत्राची मूळ प्रत कॅप्टनच्या पत्नीला द्यावी. मी एकदा त्यांच्याकडे गेले होते. त्यांच्या मुलीला शाळेत 'पाडणाऱ्याची पोर' म्हणतात, हे त्यांनी चहा गाळता गाळता सांगितलं. मी सगळं सांगायला गेले होते. चहा पिऊन परत आले.

चौकशीच्या अहवालातल्या शेवटच्या छायाचित्रात ते तीन ठिपके अंधूक दिसतात. खालच्या निशाणीशी ताडून बघावेत. तीन ठिपके कोणीही काढेल, असं म्हणतील. म्हणतीलच. चौकशी पुन्हा उघडेल असं मला वाटत नाही. कॅप्टनची चूक नव्हती, एवढं एका कागदावर तरी असावं.

दोष दांडी न कापणारीचा आहे, खूण करणाऱ्याचा नाही. हे वाक्य बाबांना वाचून दाखवावं असं फार वाटतं. पण ते एकटं वाचता येणार नाही. म्हणून हा कागद त्यांना वाचून दाखवायचा की नाही, हे कॅप्टनच्या पत्नीने ठरवावं. तो हक्क माझा नाही, माझ्या बहिणीचाही नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला आणि स्वतः वाचून पाहिला.

स्थळ: वर दिलेली खाट.
दिनांक: चौदा मार्च, दोन हजार अठरा. वेळ दुपारी चार, भेटीची.

(सही) लिहून ठेवणारी

साक्षीदार पहिली: दिवसपाळीची नर्स. (सही)

साक्षीदार दुसरा: निवृत्त टर्नर, लिहून ठेवणारीचे वडील. मजकूर वाचलेला नाही. निशाणी: ∴

टीप: निशाणी दोघींच्या समक्ष केली. तिसऱ्या ठिपक्याला पेन कागदाच्या आरपार गेलं. ती खाडाखोड समजू नये.