तिसऱ्या इंजिनाचा मागचा पंखा

३ मार्च १९५४, पोर्थकेरो तळ, कॉर्नवॉल

आलो एकदाचा. बसमधून उतरलो तोच वाऱ्यानं टोपी उडवली. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं ती पकडली आणि टोपीलाच सलाम ठोकून परत दिली. माणसं हसरी आहेत इथली. खोलीतला जोडीदार गॅरेथ प्यू हा वेल्सचा, विमानावर फ्लाइट इंजिनिअर. त्यानं स्वतःच्या पेस्टीतली, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या इथल्या करंजीतली, अर्धी मला दिली आणि वर विचारलं, तुमच्या बर्मिंगहॅमला जेवणात ग्रीसच असतं ना? आपलं जमणार याच्याशी.

फिटरचं कामही मनासारखं. समुद्रावर गस्त घालणारी चार इंजिनांची विमानं. प्रत्येक इंजिनाला एकामागे एक दोन पंखे, एक उजवा फिरतो, दुसरा डावा. एकच पंखा विमानाला एका अंगाला ओढतो. इथे एकाची ओढ दुसरा मोडून काढतो. पुढचं पातं हातानं ढकललं की मागचं उलट दिशेनं समोरून येतं. दोन्ही एकाच दातेरी चाकांत अडकलेले. एक थांबला की दुसऱ्याला थांबावंच लागतं. बघत राहावंसं वाटतं.

९ मार्च

सार्जंट किटोनं 'के' विमान माझ्याकडे सोपवलं. पंखे हातानं फिरवून पाहिले. तीन इंजिनं एकसारखी जड. तिसऱ्याचं मात्र वेगळं. एका जागी काहीतरी मऊ लागतं. दाराच्या फटीत जाड कोट सापडावा तसं. जोर केला की ते दबतं आणि पातं पुढे सरकतं. सगळं उघडून पाहिलं, काही नाही. किटो म्हणाला, नवीन आहेस, हाताला सवय नाही. हे तो हँगरच्या दारातूनच म्हणाला. तिसऱ्या इंजिनाजवळ तो येत नाही.

१२ मार्च

प्यूला खोदून खोदून विचारलं. नॅनकिव्हल नावाचा फिटर होता. मागच्या हिवाळ्यात तो याच तिसऱ्या इंजिनाच्या दोन पंख्यांच्या मधे वाकून तेल पुसत होता आणि पुढचं पातं फिरलं. कात्रीत सापडावा तसा सापडला, जागीच गेला. पातं कुणी ढकललं ते कळलंच नाही. जवळ कुणीच नव्हतं म्हणतात.

"मी हे मानत नाही," प्यू म्हणाला. "पण तू तिथे मधे हात घालू नकोस, विल्फ."

१५ मार्च

वारा पडलेला. हँगरची दारं बंद. दुपारची वेळ, चांगला उजेड. पुढचा पंखा स्थिर होता आणि मागचा फिरत होता. सावकाश. हे होऊच शकत नाही. मी पुढच्या पात्यावर तळवा ठेवला, ते गार आणि निश्चल. मागचं पातं फिरत आलं आणि माझ्या मनगटापाशी येऊन थांबलं. मग हळूच मनगटाला टेकलं. ते कोमट होतं.

१६ मार्च

मासेमारीची एक बोट वादळात बेपत्ता. बाकीची विमानं दुरुस्तीला उघडलेली, उद्या 'के'च जाणार. प्यू जाणार. 'के' पाठवू नका म्हणून सांगायला स्क्वॉड्रन लीडर थ्रेलफॉलकडे गेलो. त्यांनी शांतपणे विचारलं, बिघाड काय आहे? मी काय सांगू? पाण्यात माणसं आहेत, हेही खरंच.

जेवणाच्या सुट्टीत हातोडा घेतला. पुढच्या पात्याचं टोक वाकेपर्यंत ठोकलं. वाकलं. माझ्या डोळ्यांदेखत वाकलं. वाकड्या पात्यानं कुणी उडत नाही. स्वतःच जाऊन किटोला बोलावून आणलं, म्हटलं घाला मला कोठडीत.

पातं सरळ होतं. ओरखडासुद्धा नाही. हातोड्याच्या तोंडाला पात्याचा पिवळा रंग तेवढा होता.

किटो पांढराफटक पडला. त्याच्यासमोर रडलो. तो मला थ्रेलफॉलकडे घेऊन गेला. थ्रेलफॉल म्हणाले, "ज्याच्या हाताखालून विमान जातं, त्यानं त्यात बसायची तयारी ठेवावी. कोठडी किंवा विमान, तूच ठरव."

कोठडी म्हणणार होतो. प्यू दारात उभा होता.

१७ मार्च, विमानात

उड्डाण सुरळीत. खाली नुसतं राखाडी पाणी. बोटीचा पत्ता नाही. प्यूनं थर्मासमधला चहा दिला. विमान हलतंय, अक्षर वेडंवाकडं —

तिसऱ्याचा आवाज बदलला. आधी मला कळलं, मग प्यूला. तेलाचा दाब ठीक. काटे सगळे ठीक. तरी विमान उजवीकडे ओढतंय —

प्यूनं तिसरं बंद केलं. पात्यांच्या कडा वाऱ्याकडे वळवल्या, म्हणजे ती फिरणार नाहीत. पुढचा थांबला.

मागचा थांबला नाही.

प्यू पुन्हा पुन्हा तोच खटका दाबतोय. वैमानिक ओरडून विचारतोय, प्यू म्हणतो, बंद आहे, साहेब, ते बंद आहे. पाणी जवळ येतंय. मी प्यूला जीवरक्षक जाकीट घातलं, त्याचे बंद आवळले. तो म्हणतो तुझं घाल. वेळ —

खिडकीतून दिसतंय. पंख्याचा वेग कमी होतोय. एकेक पातं वेगळं दिसतं. दोन पंख्यांच्या मधे कुणीतरी आहे — वाकलेला — पुसतोय —

त्यानं मान वळवली. माझ्याकडे नाही, प्यूकडे बघतोय. मी प्यूला मागे ओढतो, तो खिडकीपासून हलत नाही, म्हणतो हा मला हाक मा